नायकाच्या कागदाचं दुसरं पान

दारव्हा डेपो
१४ जानेवारी २०२४

सुचित्राकाकूंना,

दारव्हा डेपोतल्या कंडक्टरांच्या बाकावरून नमस्कार. फोनवर मी "हो काकू, बरं काकू" याच्या पुढे जात नाही, असं तुम्ही नंदूकाकांना म्हणालात म्हणे. दीपानं चहाडी केली. खरंच आहे ते. दिवसभर बसमध्ये "पुढे सरका" ओरडल्यावर घरी तोंड उघडत नाही. शिवाय तिकडून दोन्ही भावंडं फोनला कान लावून बसलेली असतात, मग काय बोलणार? म्हणून माझ्या जन्मदाखल्यासोबत कुरिअरमध्ये हे पत्र घालते आहे.

बापू आणि याडी (आईला आम्ही याडी म्हणतो) मस्कतच्या त्या अपघातात गेले त्याला अडीच महिने झाले. त्यांना इथे तांड्यावर आणून अग्नी दिला. लेकरं मात्र तिकडेच अडकली, कारण त्यांना देशाबाहेर न्यायचं तर पालकत्वाचा कागद लागतो आणि तो कोणाकडेच नव्हता. तुम्ही खालच्या मजल्यावरून वर गेलात आणि दोघांना आपल्या घरी आणलंत. तुम्ही नसता तर काय झालं असतं, हा विचार मी करतच नाही.

मी पंधरा वर्षांची असताना बापूंना नंदूकाकांच्या कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागली आणि दोघं मस्कतला गेले. मी शाळेसाठी मागे राहिले, शेजारच्या बिजलीबाईंच्या घरी. दीपा, बादल तिकडेच जन्मले. बारा वर्षांत तीनदा इकडे आले. बादल मला "फोनवाली ताई" म्हणतो, हेही मला माहीत आहे. म्हणू दे. भावंडं माझी आहेत आणि मी त्यांना घरी आणणार आहे. कंपनीनं त्यांच्या राहण्याची मुदत जुलैअखेरपर्यंत वाढवली. तोवर कागद झाला नाही तर तिथल्या बालगृहात ठेवतील, असं काका म्हणाले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. परवा एका आजोबांना नेरच्या तिकिटाऐवजी यवतमाळचं फाडून दिलं.

दोघं जेवतात का? काय जेवतात? तुम्हाला फार त्रास होत असेल, लाज वाटते.

तुमची,
बबिता आडे


मस्कत
२ फेब्रुवारी

बबिता,

तुझा दाखला पोचला, आणि त्याहून पत्र बरं वाटलं. कागदावर मात्र बस सुटते की तुझी!

जेवणाचं विचारलंस. दीपा सगळं खाते आणि ताट घासून ठेवते. अकरा वर्षांच्या मुलीनं इतकं शहाणं वागू नये, म्हणून मी मुद्दाम तिच्याशी भांडते. आईची आरशांची ओढणी तिच्या दप्तरात असते. मी पाहिलं नाही असं दाखवते. बादल वरणभात लिंबू पिळल्याशिवाय खात नाही. काल कोथिंबीर चांगली मिळाली म्हणून सांबारवड्या केल्या होत्या, पठ्ठ्यानं सात खाल्ल्या आणि विचारलं, "यवतमाळला रोज करतात का?" मी आपली म्हटलं, हो. माहेरची अब्रू राखायला नको?

आमचा क्षितिज जर्मनीला आहे. रविवारी फोन करतो, "हो आई, बरं आई." तुमची पिढीच तशी. त्यामुळे घरात आवाज असला की मला आवडतं. त्रास हा शब्द पुन्हा लिहू नकोस.

बादलचा एक प्रश्न आहे. बस थांबवायची कधी आणि सोडायची कधी, हे ड्रायव्हरला कसं कळतं? मला उत्तर आलं नाही, तर माझी किंमत कमी झाली.

काकू


दारव्हा
२८ फेब्रुवारी

सुचित्राकाकू,

बादलला सांगा, एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. दोरी माझ्या हातात असते. ड्रायव्हर कितीही मोठा असो, माझ्या बेलीशिवाय गाडी हलत नाही.

आता आमच्या तांड्याची फजिती ऐका. आमच्यात पंचायत बसते तिला नसाब म्हणतात. तांड्याचे प्रमुख देवसिंग नायक यांनी लिंबाखाली नसाब बोलावली, एका बैठकीत निकाल दिला की लेकरं बबिताची, आणि त्याचा कागद केला. त्रेचाळीस सह्या आणि अंगठे. माझी ड्युटी असेल तेव्हा लेकरांकडे कोण बघणार, तेही वारासकट लिहिलं. सोमवारी बिजलीबाई, मंगळवारी धनसिंगकाकाची सून, असं शनिवारपर्यंत. रविवारी माझी सुट्टी. मला वाटलं, झालं काम! मी तो कागद थाटात तिकडच्या भारतीय वकिलातीच्या कचेरीत पाठवला. त्यांनी नम्रपणे परत धाडला, कोर्टाचा हुकूम लागेल म्हणून. नायक दोन दिवस धुसफुसत होते. मग म्हणाले, "त्रेचाळीस मानसायनं सांगतलं थे पुरलं नाही, अन् एका मानसाच्या सहीनं होते म्हंते! कमाल हाय." त्या कागदाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स तुमच्यासाठी सोबत ठेवली आहे, हसायला.

यवतमाळच्या सत्यभामाताई वकिलांनी अर्ज दाखल केला. आता कोर्टाला तुमचं प्रतिज्ञापत्र हवं आहे. लेकरं तुमच्याकडे आहेत आणि ती मला द्यायला तुमची हरकत नाही, एवढंच. मसुदा पाठवते. तुमची आणि काकांची सही, तिथल्या कचेरीचा शिक्का, की झालं.

एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं, नेरकडच्या राजकुमारशी. तो दारव्हा-नेर जीप चालवतो, म्हणजे माझेच पॅसेंजर पळवतो. लग्न आता पुढे ढकललंय. तुमची सुटका लवकर करते काकू, थोडी कळ काढा.

बबिता


मस्कत
३० मार्च

बबिता,

मसुदा मिळाला. कचेरीला सुट्ट्या लागून आल्या, शिक्क्याचं काम रेंगाळलं आहे. होईल.

बादलचा पुढचा दात पडला. दीपाला चित्रकलेत पहिलं बक्षीस मिळालं. शाळेचं नवं वर्ष सुरू होतंय, पुस्तकंही आणली. कधी कधी वाटतं, बस्तान बसलेल्या मुलांना इतक्या घाईनं हलवावं का? काका कंपनीत बोलून पाहू शकतात, मुदत आणखी वाढते का ते. तू सत्तावीस वर्षांची आहेस. ठरलेलं लग्न पुढे ढकललंस, त्या मुलाच्या घरी काय म्हणत असतील? दोन लेकरं घेऊन संसार सुरू करणं सोपं नसतं. तू नाही म्हणालीस तरी तुला कोणी नावं ठेवणार नाही, मी तर नाहीच.

उन्हाळा सुरू झाला असेल तिकडे. डोक्याला रुमाल बांधत जा.

काकू


दारव्हा
१९ मे

सुचित्राकाकू,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण राग आला होता. आता थोडा कमी झाला आहे, पण आहे.

प्रतिज्ञापत्र अजून आलं नाही. कोर्टाची एक तारीख त्यापायी फुकट गेली. सत्यभामाताई विचारतात, "ती बाई हाय तरी कोनाच्या बाजूनं?" मी म्हटलं, आपल्याच. पण रात्रंदिवस डोक्यात एकच येतं, की लेकरं तुम्हाला जड झालीत, सांगायचा संकोच वाटतो, आणि म्हणून मला जपून समजावताय की तूही नाद सोड, बालगृहात काही वाईट नसतं. तसं असेल तर सरळ लिहा. मी विमानाचं तिकीट काढून येते आणि त्या कचेरीच्या दारात बसते.

आणि राजकुमारच्या घरच्यांचं म्हणाल, तर त्याला मी बसस्टँडवरच विचारलं, चारचौघांत, पळता येऊ नये म्हणून. तो म्हणाला, "तुह्ये लेकरं म्हंजे माह्ये कायमचे पॅसिंजर. कायले इचारतं?" लग्न मी ढकललं, त्यानं नाही. लेकरांशिवाय मांडवात उभं राहायचं नाही म्हणून.

जुलै जवळ येतोय काकू.

बबिता


मस्कत
१ जून

बबिता,

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. सही, शिक्का, सगळं. आता खरं सांगते.

कचेरीला सुट्ट्या चारच दिवस होत्या. काकांनी सही मार्चमध्येच केली होती. माझ्या सहीची जागा रिकामी ठेवून तो कागद मी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. दोन महिने. काका विचारायचे, मी म्हणायची, उद्या. तुझं पत्र आल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवलं आणि "लेकरं जड झालीत" या ओळीवर मला पुढे वाचता येईना.

अगं, जड कुठली? बादल शाळेतून येतो आणि दारातूनच "काकू, आज काय झालं माहितीये?" म्हणून सुरू होतो. क्षितिज गेल्यापासून या दाराशी कोणी असं काही सांगितलं नव्हतं. मला ती हवी होती बबिता. मी स्वतःला पटवलं की तुझ्यावर उपकार करते आहे. तू कर्तव्य म्हणून ओझं उचलते आहेस, मी ते हलकं करते, असं. तुझा "त्रास" हा शब्द वाचला की मला वाटायचं, हिला नाइलाज आहे. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि एका पोरक्या मुलीचा कागद साड्यांखाली लपवला. माफ कर म्हणायला तोंड नाही.

दीपाला कागद कुठे आहे ते माहीत होतं. तिनं एकदाही विचारलं नाही. सही केल्यावर म्हणाली, "काकू, मी साडी पुन्हा घडी घालून ठेवू?"

सुचित्रा


दारव्हा
१३ जून

सुचित्राकाकू,

कागद पोचला. सत्यभामाताई खूश. कोर्टाची तारीख आठ जुलै, व्हिडिओवर तुम्ही आणि लेकरं.

मीही राग राग करायला मोकळी नाही. तुम्ही कागद साड्यांखाली ठेवलात, मीही एक कागद माझ्या कंडक्टरच्या बिल्ल्याच्या डब्यात ठेवला. नायकांच्या कागदाला दुसरं पान आहे. मी तुम्हाला फक्त पहिल्याची झेरॉक्स पाठवली होती. कचेरीतही पहिलंच पाठवलं होतं. दुसरं आज सोबत देते आहे.

त्यात एकच मुद्दा आहे. निकाल देऊन झाल्यावर नायकांनी कागद लिहिणाऱ्या शाळेच्या मास्तरांना आणखी लिहायला लावलं: "ज्या बाईनं सुतकात लेकरांना पहिला घास दिला, तिला विचारल्याशिवाय लेकरं उचलू नयेत. ती नाही म्हणाली तर नसाब पुन्हा बसेल." मी तिथेच चिडले. म्हटलं, नायक, रक्ताची मी, विचारायचं तिला? ते म्हणाले, "तुही याडी काय करे, आठोते का?"

आठवतं. याडी सुट्टीवर आली, की मला दारव्ह्याच्या बाजारात न्यायच्या आधीसुद्धा बिजलीबाईच्या दारात जायची. "नेऊ का हिला?" विचारायची. पोटच्या पोरीसाठी! मला तेव्हा हसू यायचं. बिजलीबाईही ऐटीत म्हणायची, "ने, पन दिवसा उजेडी आनून घाल."

तुम्ही नाही म्हणाल याची मला भीती वाटली, म्हणून विचारलंच नाही. आपली काळजी एकच होती काकू, आणि दोघींनी कागद लपवले. आता विचारते. दीपा आणि बादलला मी घरी नेऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडेन, ते वेगळं. पण विचारलं, असं होऊ दे.

बबिता


मस्कत
१२ जुलै

बबिता,

तुझं पत्र सुनावणीच्या चार दिवस आधी मिळालं. उत्तर लिहून पाठवायला वेळ नव्हता, म्हणून ते तुला कोर्टातच मिळालं.

माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते. बादलला निळा शर्ट घातला. तू खाकी ड्रेसमध्ये आलीस ते पाहून तो हुरळला होता. न्यायाधीशांनी विचारलं, "बाळ, तुला कुठे राहायला आवडतं?" आणि तो म्हणाला, "काकूजवळ." तुझा चेहरा मी पाहिला. खरं सांगते, तीन महिन्यांपूर्वी हेच ऐकायला मी काय दिलं असतं. त्या क्षणी मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मग तुमचे नायक उभे राहिले. साहेबांनी बसायला सांगितलं, तर म्हणाले, "बसतो साहेब, पन तिले इचारा. कागदात लिवलं हाय." आणि न्यायाधीशांनी खरंच मला विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, द्यायला मन होत नाही. पण लेकरं तिची आहेत. तिलाच द्या." तेवढ्यात आवाज गेला आणि पडदा काळा झाला. तुम्ही पुढचं ऐकलं नसेल, बरंच झालं, पुढे मी नुसती रडत होते.

बादलनं माझा पदर ओढला. "काकू, खाकी कपड्यातली माणसं पण रडतात?" मी म्हटलं, तुझी ताई रडली, कारण तिला वाटलं तू तिच्याकडे जाणार नाहीस. तो म्हणाला, "मला कुठे आवडतं ते विचारलं होतं. कुठे जायचं ते नाही विचारलं." आणि मग, "ती मला दोन बेल मारू देईल?"

देशील ना? आम्ही बावीस तारखेला मुंबईला उतरतो. काका ऑक्टोबरमध्ये निवृत्त होतात, मग आम्ही कायमचे यवतमाळला. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरं माझ्याकडे. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

काकू


दारव्हा
३० ऑगस्ट

सुचित्राकाकू,

मुंबईहून तुम्ही परत गेलात तेव्हापासून फोन रोज आहे, पण काही गोष्टी कागदावरच्याच.

त्या दिवशी पडदा काळा झाल्यावर कोर्टात काय झालं, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. न्यायाधीशसाहेबांनी नायकांचा कागद मागवला. पहिल्या पानावरचे वार वाचले, सोमवारी बिजलीबाई, मंगळवारी सून. मग दुसरं पान वाचलं. दोनदा वाचलं. हुकूम लिहिताना त्यांनी तो कागद अर्जाला जोडून घ्यायला सांगितला. नायक बाहेर आले ते छाती काढून. "माह्या कागदाबिगर झालं का त्याह्यचं?" आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हीच कथा ऐकावी लागते.

बादलनं दोन बेल मारल्या. एकदा नाही, दारव्ह्यापासून नेरपर्यंत प्रत्येक थांब्यावर. ड्रायव्हरनं हात जोडले. लिंबू मात्र अजून लागतं. पहिले आठ दिवस रोज विचारायचा, काकू कधी येणार. आता एक दिवसाआड विचारतो. दीपानं तांड्यातल्या मुलींबरोबर तीज पेरली, टोपलीत गहू पेरून नऊ दिवस पाणी घालायचं. शेवटच्या दिवशी ते कोंब भावाच्या पागोट्यात खोचतात. बादलकडे पागोटं नव्हतं, त्यानं माझी कंडक्टरची टोपी घातली. दीपा पोट धरून हसली. आईची ओढणी तिनं त्या दिवशी दप्तरातून काढून अंगावर घेतली.

आता मागणं. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न. आमच्याकडे नवरी निघताना ढावलो म्हणते, आईच्या गळ्यात पडून, रडत, गात. शब्द मला येतात. पडायला गळा नाही. तुम्ही याल का? रडायला जमेल का, ही शंका नको. दीपा म्हणते, "काकूला येतं. विमानतळावर पाह्यलं ना आपण."

बबिता


मस्कत
९ सप्टेंबर

बबिता,

पत्र काकांनी वाचून दाखवलं, माझा चष्मा सारखा ओला होत होता.

येईन. पण एक सांग, बिजलीबाईंना विचारलंस का? पंधरा वर्षांच्या तुला घास त्यांनी दिला. तुझ्या ढावलोवर हक्क आधी त्यांचा. त्या हो म्हणाल्या तरच मी येते, नाहीतर मागे बसून अक्षता टाकेन. दुसरं पान सगळ्यांना लागू.

काकू


दारव्हा
२१ सप्टेंबर

काकू,

विचारलं. बिजलीबाई ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "एका गळ्यात रडून कोनाचं भागलं पोरी? दोन हायत त दोघीच्याबी गळ्यात रड. अन् तिले म्हन, यवतमाळहून येतानी लिंबं घेऊन ये, तुह्या भावानं झाड खाली केलं."

बबिता